वर्षश्राद्धानंतरचे अश्रू



तुमच्या सत्संगात अशी एखादी व्यक्ती नक्की असेल. पूर्वी ती पुढच्या रांगेत बसायची, भजनात टाळ्यांचा ठेका धरायची, प्रसाद वाटायला हात लावायची. मग घरात मृत्यू झाला. तेरा दिवस सगळे जाऊन आले. महिनाभर फोन झाले. वर्षश्राद्धही पार पडले. आणि तरीही ती व्यक्ती अजून त्याच दिवसात, त्याच तासात अडकलेली आहे. तिला पाहिल्यावर आपल्या मनात एक वाक्य येते, ते आधी प्रामाणिकपणे कबूल करूया: "एवढे ज्ञान ऐकले, मग अजून कसे सावरले नाही?"

हे वाक्य मी माझ्या मामीला तोंडावर म्हटले आहे. म्हणून हा लेख.

मी इथे अनुवादाची सेवा करते. शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे दिवसा ताळेबंद आणि रात्री प्रवचने असा माझा दिनक्रम. अनुवाद करताना 'विकार' हा शब्द माझ्या हाताखालून शेकडो वेळा गेला असेल. काम हा विकार, क्रोध हा विकार. लोभ, मोह, मद, मत्सर हेही विकारच. आपल्या भाषेत विकार म्हणजे जिंकायचा शत्रू, साधकात उरलेला दोष. डॉक्टरांच्या मराठीत हाच शब्द आजाराला वापरतात: हृदयविकार, मनोविकार. दोन्ही अर्थ एका शब्दात सुखाने नांदतात, एरवी त्याने काही बिघडत नाही. पण २०२३ मध्ये डॉक्टरांनी मामीच्या कागदावर लिहिलेले इंग्रजी निदान मी तिला मराठीत करून सांगितले, "प्रदीर्घ शोक विकार", आणि तिने पहिला अर्थ ऐकला. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यात अजून मोह उरलाय, असंच ना?"

त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. आता जे समजले आहे ते तुमच्यासमोर ठेवते.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशन ही मानसोपचारतज्ज्ञांची संस्था मानसिक आजारांचे एक मार्गदर्शक पुस्तक काढते. त्याला डीएसएम म्हणतात. २०१३ च्या आवृत्तीत या दीर्घ शोकाला, अजून अभ्यास हवा अशा विभागात ठेवले होते. मार्च २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीतही तो आहे; ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकेच्या पुस्तकानुसार मृत्यूला प्रौढांच्या बाबतीत किमान बारा महिने व्हावे लागतात, मुलांच्या बाबतीत सहा. जागतिक यादीत किमान सहा महिने धरले आहेत.

बारा महिने हा आकडा वाचून तुम्हालाही वर्षश्राद्ध आठवले असेल. मलाही आठवले. आपल्याकडे दहावा, तेरावा, मग मासिक श्राद्धे, मग वर्षश्राद्ध, अशा पायऱ्या पूर्वजांनी बांधून दिल्या आहेत. पहिल्या वर्षी घरात मंगलकार्य करत नाहीत, सण साधेपणाने करतात, म्हणजे रडायलाही एक जागा ठेवलेली असते. पुढेही पितृपक्ष येतोच. आम्ही ३१ मार्चला खाती बंद करतो, पण शिल्लक १ एप्रिलला पुढे ओढतो आणि तिला कोणी चूक म्हणत नाही.

डीएसएमही तिला चूक म्हणत नाही. बातम्यांच्या मथळ्यांत ही गोष्ट हरवली. वर्ष उलटल्यावर डोळ्यांत पाणी आले म्हणून कोणी आजारी ठरत नाही. निदानासाठी गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा त्याचेच विचार जवळजवळ रोज, किमान गेला महिनाभर असावे लागतात. त्यासोबत आठपैकी निदान तीन लक्षणे लागतात: आपलाच एक भाग मेला असे वाटणे, मृत्यूवर विश्वासच न बसणे, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा टाळणे, मन बधिर होणे, जगण्याला अर्थ नाही असे वाटणे, टोकाचा एकटेपणा, अशी. या सगळ्यामुळे रोजचे जगणे कोलमडलेले असावे लागते. शेवटी आणखी एक अट आहे: हा शोक त्या माणसाच्या समाजाच्या, संस्कृतीच्या, धर्माच्या रीतीने अपेक्षित असतो त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असला पाहिजे. डॉक्टरांनी आपल्या घरातली रीत विचारात घ्यावी, असे अमेरिकेचे पुस्तकच सांगते.

याला विरोध झाला, आणि तो उथळ नव्हता. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांची पत्नी २०११ मध्ये वारली. पुढच्या वर्षी त्यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या शोकाबद्दल लिहिले. तेव्हा वाद नैराश्याच्या निदानाचा होता, पण प्रश्न हाच होता: ज्याचे प्रेम गेले त्याच्या दुःखाला आजाराच्या चौकटीत बसवण्याचा अधिकार कोणाचा? शिवाय अमेरिकेत विमा कंपनी उपचाराचे पैसे देते ते निदानाच्या सांकेतिक क्रमांकावर. वाणिज्यची विद्यार्थिनी म्हणून मला यात दोन्ही बाजू दिसतात. क्रमांक नसेल तर गरजूला उपचार परवडत नाही. आणि क्रमांक आला की त्याभोवती बाजार उभा राहण्याची भीतीही असते.

दुरून ऐकले असते तर मीही विरोध करणाऱ्यांच्याच बाजूने उभी राहिले असते. पण मामी आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते.

आम्ही इंदूरचे. मामा एप्रिल २०२१ मध्ये गेले. तो महिना तुम्हाला आठवत असेलच. दवाखान्याच्या दारात मामीने त्यांच्या हातात फोन आणि चार्जर दिला, तेच शेवटचे पाहणे. देह घरी आला नाही. स्मशानात जायची परवानगी मोजक्या माणसांना होती, ती त्यांत नव्हती. दहावा, तेरावा झाला तो गुरुजींनी फोनवर सांगितलेल्या मंत्रांनी. कोणी तिला मिठी मारली नाही, कारण मारायची नव्हती. पूर्वजांनी बांधलेल्या पायऱ्यांपैकी एकही तिच्या पायाला लागली नाही, आणि वर्षभराने आम्ही मात्र ती सगळ्या पायऱ्या चढून वर आली असेल असे धरून चाललो.

ती मामांच्या मोबाईलचे रिचार्ज दर ८४ दिवसांनी करत होती, नंबर बंद पडू नये म्हणून. स्वयंपाकघरातून स्वतःच्या फोनने तो नंबर लावायची आणि आतल्या खोलीत घंटी वाजलेली ऐकत उभी राहायची. हे आम्हाला सर्वांत विचित्र वाटायचे. पुढे डॉक्टरांना ते सर्वांत कमी चिंतेचे वाटले! त्यांनी विचारले ते वेगळेच: जेवता का? कोणाकडे जाता का? मामी जेवत नव्हती, पोळीचा तुकडा चहात बुडवून दिवस काढत होती. दवाखान्याचा रस्ता लागू नये म्हणून तिने बहिणीकडे जाणे सोडले होते. आणि दाराशी पावले वाजली की ती उठायची. दीड वर्षानंतरही.

२०२२ च्या दिवाळीत मी तिच्याकडे गेले. नुकताच आत्म्याच्या अमरत्वावरचा एक लेख अनुवादून झाला होता. मोठ्या भक्तीने मी तो तिला वाचून दाखवला आणि वर माझे शहाणपण जोडले: "मामी, एवढं ज्ञान ऐकलंस, मग अजून कशी सावरली नाहीस? आता पुरे. तुझ्या रडण्याने मामांच्या आत्म्याला त्रास होतो." तिने डोळे पुसले. त्यानंतर ती आमच्यासमोर कधी रडली नाही. सत्संगालाही आली नाही. आम्ही घरात म्हणालो, लेखाचा उपयोग झाला.

वाचकहो, जे ज्ञान मी तिला ऐकवले ते खोटे नव्हते. मी ते कोणाला, कधी आणि कशासाठी सांगत होते, याचा विचार मी केला नव्हता. गीता कुठे सांगितली गेली ते पाहा. युद्धाच्या पहिल्या दिवशी, रणांगणावर, अर्जुनाला. ज्यांच्यासाठी तो शोक करत होता ते सगळे त्या वेळी जिवंत होते. समोर उभ्या असलेल्या कर्तव्यापासून त्याला मागे ओढणारा तो विषाद होता. आता पुढे या. तेराव्या दिवशी अभिमन्यू मारला गेला. बारा दिवसांपूर्वी प्रत्यक्ष भगवंताच्या मुखातून गीता ऐकलेला अर्जुन, आत्म्याचे स्वरूप जाणलेला अर्जुन, मुलाची वार्ता कळल्यावर कोसळला. द्रोणपर्वात त्याचा विलाप आहे. श्रीकृष्णाने तेव्हा काय केले? 'तुला सांगितले होते ना' असे तो म्हणाला नाही. त्याने शोकाने व्याकूळ झालेल्या अर्जुनाला धरले, धीर दिला, आणि बाजूला उभे असलेले भाऊ दाखवले: तू असा झालास तर हेही खचतील, यांना तुझ्या शब्दाचा आधार दे. मग तो सुभद्रेचेही सांत्वन करायला गेला. अभिमन्यू त्याचा भाचा होता, हे आपण विसरतो. सांत्वन करणाऱ्याच्या घरातलेही माणूस गेले होते.

मला या प्रसंगाकडे कोणी बोट दाखवले नव्हते. मामीच्या प्रश्नाला उत्तर शोधताना मी तो वाचला, आणि मला माझ्या दिवाळीच्या फराळाची, त्या कपबशीची, तिने पदराने पुसलेल्या डोळ्यांची लाज वाटली.

अश्रूंबद्दल चरकसंहितेत एक गोष्ट आहे, ती प्रत्येक सत्संगीने जाणून घ्यावी अशी आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीराचे असे वेग सांगितले आहेत जे अडवू नयेत: भूक, तहान, झोप, शिंक, जांभई. त्याच रांगेत अश्रू आहेत. ते अडवल्याने सर्दी, डोळ्यांचे रोग, हृद्रोग, अरुची होते असे तिथे म्हटले आहे. आणि त्याच अध्यायात मनाचे असे वेग दिले आहेत जे आवरावेत: लोभ, भय, क्रोध, आणि त्यांच्यासोबत शोक. म्हणजे अश्रू वाहू द्यावेत आणि शोकाचा वेग आवरावा, असे एकाच अध्यायात एकच आचार्य सांगतात. आम्ही मामीच्या बाबतीत नेमके उलटे केले होते. अश्रू बंद पाडले, आणि आतला वेग मोकाट सोडला.

"मग शोकाला आजार म्हणणे हे परक्यांचे खूळ नाही का?" असे मला एका ज्येष्ठ साधकांनी विचारले. त्यांचा रोख मला कळतो. पण शांतिपर्वाचा आरंभ वाचा. युद्ध संपले, राज्य मिळाले आणि युधिष्ठिर शोकाने इतका ग्रासला गेला की त्याला सिंहासन नको झाले. अर्जुन बोलला, द्रौपदी बोलली, नारद, व्यास, श्रीकृष्ण सगळे बोलले. त्यात भीमाने काढलेला मुद्दा मला फार मोठा वाटतो. तो म्हणतो की व्याधी दोन प्रकारच्या असतात, शरीराच्या आणि मनाच्या, आणि एकीतून दुसरी जन्मते. गदा चालवणारा भीम, आणि शोकात बुडालेल्या थोरल्या भावापुढे तो व्याधीची भाषा बोलतो! भीमाचा स्वर थोडा कडक आहे, तो तसा असायचाच. पण मनालाही व्याधी होते हे त्याने गृहीतच धरले आहे. त्यात युधिष्ठिराच्या धर्मनिष्ठेला कमीपणा आला असे महाभारतात कुठे वाटत नाही.

आणि पुढचे तर त्याहून सांगण्यासारखे. युधिष्ठिराने शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडून राजधर्म, मोक्षधर्म, सगळे ऐकले. शांतिपर्व आणि अनुशासनपर्व, दोन अवाढव्य पर्वे भरून उपदेश झाला. मग भीष्मांनी देह ठेवला, त्यांना तर्पण करून युधिष्ठिर गंगेतून बाहेर आला आणि काठावरच पुन्हा कोसळला. आश्वमेधिक पर्व तिथून सुरू होते. इतका उपदेश ऐकूनही! व्यास तेव्हा जरा वैतागलेलेही दिसतात. पण त्यांनी त्याला सोडून दिले नाही. त्यांनी त्याला काम दिले: अश्वमेध कर. धन कुठून आणायचे हेही सांगितले, मरुत्त राजाने हिमालयात मागे ठेवलेले. ज्याला उठवत नव्हते त्याला दूरच्या वाटेवरचे, पुष्कळ माणसांसोबत करायचे काम मिळाले.

आजच्या उपचाराबद्दल वाचताना मला हे आठवत राहिले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. कॅथरीन शिअर यांनी या आजारासाठी सुमारे सोळा बैठकींची एक पद्धत बसवली आहे. माणसाला मृत्यूचा प्रसंग पुन्हा सांगायला लावतात, तो आवाज मुद्रित करून घरी ऐकायला देतात, टाळलेल्या जागी हळूहळू जायला सांगतात, गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात संवाद करवतात, आणि त्यासोबत पुढच्या आयुष्यातले एखादे छोटे ध्येय ठरवतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत या पद्धतीने ५१ टक्के लोकांना गुण आला, तुलनेच्या नेहमीच्या मानसोपचाराने २८ टक्क्यांना. २०१६ मधील त्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात नैराश्याच्या गोळीने शोकाच्या लक्षणांवर वेगळा फरक पडला नाही. सोबत नैराश्य असेल तर त्याला मात्र उपचारासोबत गोळीची मदत झाली. बाजाराची भीती वाटणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. आतापर्यंत ज्याचा सर्वांत जास्त उपयोग दिसला ते समोर बसून ऐकणेच आहे, फक्त शिकून, शिस्तीने केलेले.

मामीच्या डॉक्टरांनी साधारण याच वाटेने तिला नेले. पहिल्या काही वेळा ती तिथून घरी आली की आम्हाला वाटायचे, हिचे तर बिघडत चालले आहे. ती रडत होती. सातव्या की आठव्या आठवड्यात ती आईला म्हणाली, "मला दवाखान्याच्या दारापर्यंत यायचंय, तू चल." दोघी रिक्षाने गेल्या, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि परत आल्या. बस, एवढेच. त्या रात्री तिने वरणभात खाल्ला.

मोहाच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला शेवटी दिले, पण ते वेगळ्या शब्दांत. मी म्हटले, मामी, हाड मोडले आणि नीट बसले नाही तर डॉक्टर नाव देतात, ते चालण्याला दोष देत नाहीत. तुझे प्रेम आजारी नाही. जखम भरायला जे लागते ते तुला त्या वर्षी मिळाले नाही. ती म्हणाली, "हे तुला दिवाळीत नाही सुचलं." मी म्हटले, नाही सुचले.

आता तुमच्याकडे वळते. पुढच्या सत्संगाला जाल तेव्हा एक काम करा. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्यांची नावे मनात आणा, आणि वर्ष ज्यांचे उलटून गेले आहे त्यांच्याकडे आधी जा. पहिल्या तेरा दिवसांत माणसे असतातच, चौदाव्या महिन्यात कोणी नसते. जाताना श्लोक घेऊन जाऊ नका, डबा घेऊन जा. गेलेल्या माणसाचे नाव उच्चारा. आपण ते टाळतो, रडतील म्हणून. आणि त्यांना तेच ऐकायचे असते. "किती दिवस असं" हे शब्द ओठावर आले तर चहाचा घोट घ्या. त्यांनी तोच प्रसंग पाचव्यांदा सांगितला तर पाचव्यांदा ऐका.

आणि पाहा. जेवण सुटले आहे का, झोप गेली आहे का, घराबाहेर पाऊल पडत नाही का, 'मलाही तिकडेच जायचंय' असे वारंवार येते का? हे शेवटचे वाक्य वैराग्य समजून कधीही सोडून देऊ नका. आपल्या सत्संगाच्या भाषेत ते फार सहज मिसळून जाते, म्हणून मुद्दाम सांगते. त्या माणसाला एकटे सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे, आणि मराठीतही बोलता येते. जप चालू ठेवूनही डॉक्टरांकडे जाता येते. मधुमेहाची गोळी घेताना आपण जप थांबवत नाही.

मामीचे रिचार्ज अजून चालू आहे. डॉक्टरांनी बंद करायला सांगितले नाही, आता आम्हीही सांगत नाही. मात्र ती आता तो नंबर लावून घंटी ऐकत नाही. मामांचा फोन तिने स्वतः वापरायला घेतला आहे. माझ्या फोनमध्ये तो नंबर अजून 'मामा' याच नावाने आहे, बदलायचे मला सुचले नाही, किंवा बदलावेसे वाटले नाही. शनिवारी रात्री स्क्रीनवर 'मामा' उमटते. मी फोन उचलते, आणि पलीकडून मामी विचारते, "उद्या सत्संगाला किती वाजता निघायचं?"